आईंचा जप आणि चार तासांची गोळी

वाचकांचे प्रश्न

दुखण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. ती थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. मी ठाण्यातील एका रुग्णालयात ३१ वर्षे परिचारिका होते आणि त्यातली शेवटची ९ वर्षे वेदनाशमन विभागात काढली. उत्तरे त्या अनुभवातून दिली आहेत. औषधाची मात्रा ठरवणे किंवा बदलणे हे मात्र तुमच्या डॉक्टरांचेच काम आहे, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती, आणि त्यानंतर त्या घरातले सगळे पूर्वीसारखे करू लागल्या होत्या. गेल्या दिवाळीनंतर त्यांची कंबर दुखू लागली आणि तपासणीत रोग मणक्यात व उजव्या खुब्याच्या हाडात पसरल्याचे निघाले. खारघरच्या टाटा केंद्रात उपचार सुरू आहेत. तेथील डॉक्टरांनी दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आहेत, परंतु आई त्या घेत नाहीत. त्या म्हणतात, हा माझा भोग आहे, तो भोगूनच संपवला पाहिजे, आणि गोळीने गुंगी आली तर माझा जप सुटेल. माझे दीर म्हणतात की ही अफूची गोळी आहे, तिची सवय लागते आणि ती अगदी शेवटी द्यायची असते. माझे यजमान काहीच बोलत नाहीत. सासरे ७४ वर्षांचे आहेत. ते दिवसभर आईंच्या पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसतात. कोणी विचारले की आई ‘बरं आहे’ एवढेच म्हणतात. पण रात्री मी पाणी द्यायला उठते तेव्हा त्यांच्या हातात माळ असते आणि एकच मणी अर्धा अर्धा तास बोटांत धरलेला असतो, तो पुढे सरकत नाही. आईंच्या श्रद्धेचा मान ठेवायचा की गोळी घेण्याचा आग्रह धरायचा?
एक सून, खारीगाव, कळवा

उत्तर : तुमच्या पत्रातील त्या एका मण्यापाशी मी बराच वेळ थांबले. गोळी घेतली तर जप सुटेल अशी आईंना भीती आहे. पण तुम्ही जे रात्री पाहता त्यावरून जप आजच अडलेला आहे आणि तो दुखण्याने अडवला आहे. हे त्यांना तुम्हीच सांगा, आणि सांगताना वाद घालण्याच्या सुरात सांगू नका. दुपारी त्यांच्या पायांना तेल लावताना किंवा वेणी घालताना सहज म्हणा, ‘आई, काल रात्री मणी पुढे जात नव्हता, मी पाहिलं.’ तुम्ही पाहिले आहे एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ होईल, कारण ‘बरं आहे’ म्हणणाऱ्या माणसाला बहुधा कोणी पाहत नाही अशीच समजूत असते.

आता गोळीविषयी, कारण दिरांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे असलेले बोलणे घरात सगळ्यांत जास्त टिकते. मॉर्फिन अफूपासून निघते हे बरोबर आहे. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात केंद्र सरकारच्या परवान्याने अफूची शेती होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात याच देशातल्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे कितीतरी वर्षे दुरापास्त झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा रुग्णालयांचा मार्ग पुष्कळ सुकर झाला. त्या मधल्या वर्षांत औषध ठाऊक असूनही हाताशी नाही अशा स्थितीत मी रुग्णांच्या उशाशी ज्या रात्री काढल्या आहेत, त्या मला अजून आठवतात. म्हणून हाती आलेल्या गोळ्यांचे पाकीट न उघडता पडून आहे हे वाचून मला फार वाईट वाटले.

सवयीचे म्हणाल तर काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर शरीर त्याला सरावते, त्यामुळे ते एकाएकी बंद करायचे नसते, हळूहळू कमी करायचे असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही असेच आहे आणि त्यांना आपण व्यसन म्हणत नाही. नशेसाठी जीव तळमळणे ही वेगळी गोष्ट आहे. कर्करोगाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी घेणाऱ्या रुग्णांमध्ये ती क्वचितच दिसते. ‘अगदी शेवटी द्यायची गोळी’ ही समजूतही खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी जी पायऱ्यांची पद्धत सांगितली, तीत औषधाची पायरी दुखण्याच्या तीव्रतेवरून ठरते; आयुष्य किती उरले आहे याचा हिशेब तिच्यात नाही. ज्याचे दुखणे तीव्र आहे त्याने आज घ्यावी आणि रेडिएशनने दुखणे उतरले की डॉक्टर ती कमी करतात, कधी बंदही करतात.

येथे मला माझ्या आईचे सांगावेसे वाटते. तिच्याही हाडांत रोग उतरला होता. दिवसभर मी परक्या माणसांना वेळेवर औषध देत असे आणि घरी आल्यावर आई म्हणे, ‘घेतली गं गोळी, बरं आहे.’ एके दिवशी तिचे लुगडे धुवायला काढताना पदराला गाठ लागली. सोडून पाहिली तर आत १४ गोळ्या होत्या, घामाने थोड्या विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. आता घेतल्या तर पुढे जास्त दुखेल तेव्हा लागू पडणार नाहीत, म्हणून तिने त्या साठवून ठेवल्या होत्या. मी परिचारिका असून तिला हे कधी विचारले नव्हते. मॉर्फिनच्या मात्रेला ठरावीक कमाल मर्यादा नसते. दुखणे वाढले तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतात, त्यामुळे आज घेतलेली गोळी उद्याच्या वाट्यातून वजा होत नाही. तुमच्या आईंच्या मनात हीच भीती असेल असे मी म्हणत नाही, परंतु भोग आणि जप यांच्यामागे आणखी काही दडलेले आहे का, ते एकदा शांतपणे विचारून घ्या.

गुंगीची भीती रास्त आहे आणि ती उडवून लावू नये. सुरुवातीचे काही दिवस झापड येते, काहींना मळमळते. मात्रा योग्य असेल तर ही झापड बहुतेकांची आठवड्याभरात ओसरते आणि डोके स्वच्छ राहते. पुष्कळ रात्रींची साठलेली झोपही त्या दिवसांत भरून निघत असते, त्यामुळे आई जास्त झोपल्या तर लगेच घाबरू नका. मात्र हाक मारूनही नीट जाग येत नाही, श्वास फार मंद झाला आहे, हातपाय झटके देत आहेत किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले आहे असे दिसले, तर पुढची गोळी न देता त्याच वेळी डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर असे होऊ शकते. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ प्रत्येकाला होते आणि ती आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्याच दिवसापासून सुरू ठेवावे लागते. तीन दिवस पोट साफ झाले नाही म्हणून चांगली लागू पडलेली गोळी सोडून देणारी माणसे मी पाहिली आहेत.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण अर्ध्या तासात जाणवू लागतो आणि सुमारे ४ तास राहतो. म्हणून ती घड्याळावर द्यायची असते. ‘दुखलं तर घेईन’ म्हटले की दुखणे दर वेळी पुढे निघून जाते आणि गोळी त्याच्या मागे धावत राहते. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा वेळा घरात बसवता येतात. पहाटे २ ची झोपमोड टळावी म्हणून रात्रीची मात्रा कशी द्यायची हे डॉक्टर सांगतील. ते आपल्या मनाने ठरवू नये. हे घड्याळ मी तुमच्या सासऱ्यांच्या हाती देईन. खुर्चीत बसून बायकोचे दुखणे पाहत राहणाऱ्या त्या माणसाला आज काही काम नाही, आणि काम नसणे हेच त्यांना आतून खात असावे. एक शंभर पानी वही त्यांना द्या. गोळी दिल्याची वेळ, दुखणे शून्य ते दहापैकी किती, झोप कशी लागली, पोट साफ झाले का, एवढ्या चार गोष्टी त्यांनी लिहाव्यात. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना इतर कोणाच्याही सांगण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. गोळ्या मात्र लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपाच्या कपाटात असाव्यात आणि उरल्या तर रुग्णालयात परत द्याव्यात.

आता भोगाविषयी. मी शास्त्र शिकलेली नाही आणि आईंच्या श्रद्धेशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. पण मला इतके दिसते की याच आईंनी शस्त्रक्रिया करून घेतली, केमोथेरपीचे ते कठीण महिने काढले, आणि घरात नातवंडाला ताप आला तर त्याचा भोग आहे म्हणून त्या कपाळावर पट्टी ठेवायच्या थांबल्या नसतील. दुसऱ्याचे दुखणे हलके करणे ही सेवा असेल, तर ती करू देणेही कोणाच्या तरी वाट्याला येतेच. आईंना ज्यांचा शब्द मोलाचा वाटतो असे कोणी महाराज, कीर्तनकार किंवा घरचे गुरुजी असतील, तर त्यांना सगळी परिस्थिती आधी सांगा आणि मग घरी बोलवा. डॉक्टरांनी तीनदा समजावून जे झाले नाही, ते ‘माई, गोळी घ्या आणि मग निवांत जप करा’ या त्यांच्या एका वाक्याने झालेले मी अनेकदा पाहिले आहे. एकादशीचा प्रश्न निघेल, म्हणून तोही आधीच काढा. मॉर्फिनची गोळी पाण्याबरोबर घेता येते आणि तिला जेवण लागत नाही. मात्र हाडांच्या दुखण्यासाठी दिलेल्या सूज उतरवणाऱ्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्याने पोटाला इजा होते, तेव्हा त्या कोणत्या हे विचारून घ्या.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. माणसाचे दुखणे शरीराचे, मनाचे, घराचे आणि श्रद्धेचे असे एकत्रच असते, असे त्यांनी मांडले. त्या स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि मॉर्फिन वेळेवर, नियमाने देण्याबाबत तितक्याच काटेकोर होत्या. तुमच्या घरात हे चारही पदर मला दिसतात. तुमच्या यजमानांचे गप्प राहणे हाही त्यातलाच एक पदर आहे. त्यांना मोठे बोलायला सांगू नका. रात्रीची १० ची गोळी मुलाच्या हातून मिळावी एवढे ठरवा आणि त्यानंतर दहा मिनिटे त्यांना आईजवळ एकटे बसू द्या.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगायच्या राहिल्या. खारघरला जाताना तुम्ही ठाण्याहून पनवेल लोकल घेत असाल तर दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना प्रवासाची मुभा आहे, रुग्णालयाचे कागद बरोबर ठेवा; आणि स्टेशनपासूनच्या रिक्षाचे धक्के मणक्याला फार लागतात, म्हणून निघण्याआधी अर्धा तास जादा मात्रा घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा. दुसरी गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे. आईंच्या पायातली शक्ती कमी झाली, पाय बधिर वाटू लागले, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला किंवा कंबरेचे दुखणे एकाएकी वाढले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा, कारण मणक्यातील रोगाचा दाब मज्जारज्जूवर पडत असेल तर तासांना महत्त्व असते.

प्रश्न : आमच्या महिला भजनी मंडळातील एका मैत्रिणीला आमवाताने ग्रासले आहे. बोटे सुजून वाकडी झाली आहेत, त्यामुळे तिला टाळ धरता येत नाही आणि ती आता येतच नाही. आम्ही भेटायला गेलो की तिला बरे वाटण्याऐवजी ती अधिकच गप्प होते. आम्ही काय करावे?
एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे सकाळी जाऊ नका. या आजारात सकाळी उठल्यावर सांधे तासाहून अधिक वेळ आखडलेले असतात आणि त्या वेळी दार उघडणेही तिला संकट वाटत असेल. दुपारी तीननंतर, आधी फोन करून, दोघीच जा. सात-आठ जणी एकदम गेल्या की तिला चहा करावासा वाटतो आणि पातेले उचलता येत नाही, यातच तिचा सगळा जीव जातो. म्हणून चहा थर्मासमध्ये घेऊन जा. कोणाच्या नणंदेला कोणत्या काढ्याने गुण आला हे सांगू नका. डब्यांची घट्ट झाकणे उघडून ठेवणे, आठवड्याची भाजी निवडून ठेवणे, पिठाच्या डब्यातून लहान डब्यात पीठ काढून ठेवणे ही कामे बोलता बोलता करून टाका आणि त्यांचा उल्लेखही करू नका.

टाळ धरता येत नसला तरी तिचा आवाज गेलेला नाही. महिन्यातले एक भजन तिच्या घरी ठेवा आणि सुरुवात तिला करू द्या; टाळ तुम्ही धरा. आणखी एक गोष्ट तिच्या घरच्यांना आवर्जून विचारा. आमवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली जाते, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. इतर गोळ्यांसारखी ती रोज घेतल्याने जिवावर बेतलेली माणसे मी रुग्णालयात पाहिली आहेत. तिला ती गोळी चालू असेल तर पाकिटावर वाराचे नाव ठळक लिहून ठेवा.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा आहे. तुर्भ्याच्या बाजारात माथाडी म्हणून आयुष्यभर ओझी उचलली, आता घरी असतो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. गेल्या माघात माझ्या छातीच्या डाव्या बाजूला पाठीपर्यंत नागीण उठली. घरच्यांनी प्रथम ती उतरवणाऱ्याकडे नेले, त्याने गेरू लावला, मंत्र टाकला. डॉक्टरकडे सहाव्या दिवशी गेलो. फोड सुकून सहा महिने झाले, पण जागेवर आग होते, वीज चमकल्यासारखी कळ येते आणि सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही. डॉक्टरांनी दिलेली एक गोळी मुलाने मोबाइलवर शोधली तर ती उदासपणाच्या आजाराची निघाली. तेव्हापासून घरचे म्हणतात, दुखणे मनाचे आहे. अठरा वर्षे मी दिंडीत चाललो, यंदा पहिल्यांदा वारी चुकली. माझे काय चुकले म्हणून विठ्ठलाने हे दिले? हल्ली देवापुढे हात जोडावेसे वाटत नाहीत, आणि त्याचेही वाईट वाटते.
एक वारकरी, कोपरखैरणे

उत्तर : काका, तुमचे दुखणे खरे आहे आणि ते शरीरात आहे, हे उत्तर तुमच्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे निजून राहतो आणि वय वाढले, शरीराची ताकद कमी झाली की त्या एकाच मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा वर येतो. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते ती यामुळे. तिची दोन टोके जुळली की माणूस जातो ही गावोगावची समजूत आहे, पण तिला काही आधार नाही. कातडी सुकली तरी आतला मज्जातंतू दुखावलेला राहतो आणि साध्या स्पर्शाचीही तो वेदना म्हणून वर्दी देत राहतो. तीन महिन्यांनंतरही राहिलेल्या अशा दुखण्याला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे आणि साठी ओलांडलेल्यांमध्ये ते अधिक आढळते. विषाणूवरचे औषध फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाले तर सर्वांत चांगले. ते सुरुवातीचे दिवस गेले याचे दुःख आहे, परंतु घरच्यांनी ते तुमच्या काळजीपोटी केले. आता त्याचा हिशेब काढत बसू नका. कोपरखैरण्यात दुसऱ्या कोणाला नागीण उठली तर मात्र त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्या. तुमच्या पत्नीचे वय पन्नासच्या पुढे असेल तर नागिणीवरील दोन मात्रांची लस आता भारतात मिळते. ती महाग आहे, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून पाहा.

मुलाने शोधलेली गोळी बहुधा अमिट्रिप्टिलिन असावी. ती उदासपणासाठी निघाली हे खरे आहे. पण दुखावलेल्या मज्जातंतूची कळ शमवण्याचा तिचा गुण पुढे लक्षात आला आणि त्या कामासाठी ती पुष्कळ कमी मात्रेत, रात्री झोपताना दिली जाते. गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबॅलिन ही औषधे फिट्सवरही देतात, म्हणून कोणी तुम्हाला फिट्स येतात असे म्हणणार नाही. ही औषधे थोडीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात आणि त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडू नका. रात्री उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा. लघवी अडखळत होत असेल किंवा काचबिंदू असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. बधिर करणारी लिडोकेनची पट्टीही काहींना उपयोगी पडते. तपासायला जाल तेव्हा अंगावरचा सदरा कसा टोचतो हे बोलून दाखवण्याऐवजी तो घालून, कळ आली की जसे करता तसेच त्यांच्यासमोर करा, आणि मुलाला शेजारी उभे करा. ओझी उचलणाऱ्या माणसाने आयुष्यभर दुखले म्हणून म्हटलेले नसते, म्हणून त्याने आता म्हटलेले घरच्यांना ओळखू येत नाही, असे मला वाटते.

तुम्ही विचारता, काय चुकले. नागीण येण्यासाठी काही चुकावे लागत नाही. ती वारी करणाऱ्याला येते आणि न करणाऱ्यालाही येते. हात जोडावेसे वाटत नाहीत त्याचे ओझे घेऊ नका. ज्या विठ्ठलाच्या वाटेने तुम्ही अठरा वर्षे चाललात, त्याच्याशी आपल्या संतांनी कडकडून भांडण केले आहे, त्याला निष्ठुर म्हटले आहे. जनाबाईंनी त्याला काय काय ऐकवले ते तुम्ही स्वतः टाळाच्या ठेक्यावर गायिले असेल. रागावलेल्या माणसानेही देवाशी बोलणे तोडलेले नसते. हात जोडता येत नसतील तर जोडू नका, देवासमोर बसून त्याला तुमची तक्रार सांगा, आणि सांगताना उघड्या अंगाने बसा. धुऊन मऊ झालेले जुने सुती उपरणे सैल टाकले तर बहुधा सहन होईल.

वारीचे म्हणाल, तर आषाढ दर वर्षी येतो. चालणे जमेल की नाही ते आता ठरवण्याची घाई नको, पण माउलींची पालखी तुमच्याच सातारा जिल्ह्यातून जाते, लोणंदला मुक्काम करते, आणि तेथून तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. मुलाला आत्ताच सांगून ठेवा की पुढच्या वर्षी त्या दिवशी रजा काढ. पहाटे गाडीने निघा, सदऱ्याऐवजी उपरणे घ्या, दुपारच्या गोळीची वेळ चुकवू नका, आणि तुमच्या दिंडीतल्यांना आधी निरोप पाठवा, म्हणजे ते तुम्हाला गर्दीचा धक्का लागणार नाही अशा जागी उजवीकडून धरून उभे करतील.